स्लॉथ शोधायचाय? मग आधी चालायचा स्पीड कमी करा

पहिल्या दिवशी कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरच्या काउइताच्या जंगलात आम्ही अडीच तास चाललो आणि एकही स्लॉथ, म्हणजे झाडावर राहणारा तो अगदी संथ प्राणी, दिसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेवर, साधारण तेवढ्याच वेळात, पाच दिसले. जंगल तेच, झाडं तीच, आमचे डोळेपण तेच. फरक एवढाच की मधल्या संध्याकाळी आम्ही जिथे उतरलो होतो तिथल्या मालकीणबाईंनी आम्हाला पडवीत बसवून, थोडं इंग्लिश थोडं स्पॅनिश आणि बाकी हातवारे असं करत, स्लॉथ दिवसभर काय करतो ते समजावून सांगितलं. तो काय खातो, ऊन खायला कधी बाहेर येतो, पाऊस आला की कुठे जातो, हे एकदा कळलं की बघायचं कुठे ते आपोआप कळायला लागतं. म्हणून हे सगळं लिहून काढतेय, कारण अमेरिकेत राहणारे आपले बरेच लोक सुट्टीत कोस्टा रिकाला जातात आणि स्लॉथ न बघता परत येतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे पिंजऱ्यातला बघून येतात.

आधी एक गोंधळ मिटवते. आईला जेव्हा सांगितलं की आपण स्लॉथ बघायला जातोय तेव्हा ती म्हणाली, "अगं अस्वलच ना ते, ताडोबातलं?" तिची काही चूक नाही, आपल्या अस्वलाला इंग्रजीत स्लॉथ बेअर म्हणतात आणि त्यामागे खरंच एक गोष्ट आहे. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं आपल्या अस्वलाची लांब नखं आणि दातांची ठेवण पाहून त्याला चक्क स्लॉथच्याच गटात टाकलं होतं. नंतर चूक सुधारली पण नाव चिकटलं ते चिकटलंच. खरा स्लॉथ भारतात कुठेच नाही, तो फक्त मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, आणि मुंग्या खाणारा अँटईटर आणि खवल्यांचा आर्माडिलो हे त्याचे नातेवाईक.

कोस्टा रिकात दोन जातींचे स्लॉथ आहेत आणि २०२१ मध्ये त्या देशानं दोघांनाही राष्ट्रीय प्रतीक म्हणून जाहीर केलं. तिथे स्लॉथला पेरेसोसो म्हणतात, म्हणजे आळशी. हा शब्द पाठ करून जा, वाटेत भेटलेल्या माणसाला नुसतं "पेरेसोसो?" विचारलं तरी तो बोट दाखवतो. दोन जातींमधला फरक मात्र नीट समजून घ्या कारण दोघांना शोधायची वेळ वेगळी आणि जागापण वेगळी.

एक तीन बोटांचा. तोंड गोल, डोळ्यांच्या बाजूनं काळी पट्टी, ओठांची ठेवण अशी की कायम हसल्यासारखा दिसतो, आणि मागे छोटीशी बोटाएवढी शेपटी. हा बऱ्यापैकी दिवसा हलतो म्हणून आपल्याला बहुतेक वेळा हाच दिसतो. पूर्ण वाढलेल्या नराच्या पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये केशरी पिवळा डाग असतो आणि त्यात काळी रेघ, लांबून अगदी कुणीतरी रंगवल्यासारखा वाटतो. दुसरा दोन बोटांचा, म्हणजे पुढच्या पायांना दोन आणि मागच्या पायांना तीनच. हा अंगानं मोठा, केस लांब आणि भुरकट, नाक डुकरासारखं पुढे आलेलं, शेपटी नाही. हा रात्रीचा प्राणी, दिवसा वेलींच्या जाळ्यात गोळा होऊन झोपतो. प्राणिसंग्रहालयात तुम्ही जो पाहिला असेल तो जवळजवळ नक्की दोन बोटांचाच, कारण तीन बोटांचा बंदिस्त जागेत फारसा जगतच नाही. त्यामुळे तो हसरा चेहरा बघायचा असेल तर जंगलात जाणं हाच मार्ग.

आता मुख्य गोष्ट. स्लॉथ आळशी नाही, तो काटकसरी आहे. पानं खाऊन जगणं म्हणजे फार थोड्या पगारात घर चालवण्यासारखं आहे, पानांत ताकद कमी, पचायला जड, आणि वर बऱ्याच झाडांच्या पानांत विषारी रस. स्लॉथचं पोट गाईसारखं चार कप्प्यांचं असतं आणि खाल्लेलं पान पूर्ण पचायला कित्येक दिवस जातात, कधीकधी महिनासुद्धा. मग हा प्राणी खर्च कुठे वाचवतो, तर सगळीकडे. अंगात स्नायू कमी, हालचाल कमी, आणि अंग गरम ठेवण्यावर आपण जेवढी शक्ती घालवतो तेवढी तो घालवतच नाही, त्याच्या शरीराचं तापमान हवेबरोबर दिवसभरात चार पाच डिग्री सहज वरखाली होतं. झोपेबद्दल पण गैरसमज आहे. बंदिस्त स्लॉथ पंधरा सोळा तास झोपतात असं वाचलं असेल, पण पनामातल्या जंगलात मोकळ्या स्लॉथच्या डोक्यावर छोटं यंत्र बसवून मोजलं तेव्हा, हा अभ्यास २००८ मध्ये आला, रोजची झोप दहा तासांपेक्षाही थोडी कमीच भरली. म्हणजे आपल्याला जो झोपलेला वाटतो तो बरेचदा जागा असतो, नुसता बसलेला.

यातून आपल्याला काय मिळतं? पहिली गोष्ट म्हणजे वेळ. रात्रीच्या गारव्यानंतर त्याला ऊन लागतं, त्यामुळे सकाळी लवकर तीन बोटांचा स्लॉथ झाडाच्या वरच्या टोकाला, उघड्यावर, ऊन खात बसलेला सापडतो. दुपारी ऊन चढलं की तो आत सावलीत सरकतो आणि मग शोधणं फार अवघड. पाऊस सुरू झाला की तर विचारूच नका, गोळा होऊन बसतो, डोकं छातीत, झाडाच्या खोडाचाच एक भाग वाटतो. पण पाऊस थांबून ऊन पडलं की लगेच बाहेर पडा, ही सगळ्यात चांगली वेळ, आमच्या पाचातले तीन त्या अर्ध्या तासात दिसले, अंग वाळवत हातपाय पसरून बसले होते.

दुसरी गोष्ट झाड. मालकीणबाईंनी सांगितलेलं पहिलं नाव ग्वारूमो, याचं शास्त्रीय नाव सेक्रोपिया. ओळखायला एकदम सोपं, सरळ उंच पांढरट खोड, त्यावर गोल गोल वळ्या, आणि पंज्यासारखी कापलेली मोठ्ठी पानं ज्यांची खालची बाजू चंदेरी दिसते. याच्या फांद्या मोजक्या आणि पानं विरळ, त्यामुळे आत कुणी बसलं असेल तर लपत नाही. पूर्वी लोकांना वाटायचं की स्लॉथ फक्त ग्वारूमोच खातो, खरं कारण एवढंच होतं की तिथे तो दिसायचा, बाकी दाट झाडांमध्ये कुणाला दिसतच नव्हता. तो कितीतरी प्रकारच्या झाडांची पानं खातो. आणि हे ऐकून आईला फार आनंद झाला की त्यातलं एक झाड आपलंच आहे! कॅरिबियन किनाऱ्यावर वाळूला लागून जी आडव्या मजल्यांसारख्या फांद्यांची झाडं आहेत ती म्हणजे आपला देशी बदाम, जो कोकणात प्रत्येक शाळेच्या आवारात असतो आणि ज्याच्या बिया दगडानं फोडून आपण लहानपणी खाल्ल्यात. आशियातून तिकडे गेलेलं झाड, तिथे त्याला आल्मेंद्रो दे प्लाया म्हणतात. बदाम ओळखता येत असेल तर तुमचं एक झाड आधीच पाठ आहे.

आता बघायचं कसं. यात मी आईकडून शिकले, गाईडकडून नाही. तिचं बालपण गुहागरजवळ गेलंय, आंब्याच्या झाडाखाली उभं राहून पाडाचा आंबा कुठे आहे ते हेरायची तिला सवय. ती म्हणाली, पानांकडे बघायचं नाही, पानांमधून आकाश दिसतं ना तिकडे बघायचं, आणि जिथे आकाश दिसायला हवं होतं पण दिसत नाही तिथे थांबायचं. अगदी बरोबर आहे हे. स्लॉथचा रंग शोधू नका, तो सापडणारच नाही, त्याच्या केसांत शेवाळ वाढतं आणि पावसाळ्यात तर तो हिरवट होतो. आकार शोधा. फांदीच्या बेचक्यात अडकलेला गोळा, नारळाच्या काथ्याच्या मोठ्या चेंडूसारखा. खोडापासून सुरू करा, वर जा, प्रत्येक बेचक्यात क्षणभर थांबा, मग फांदीच्या टोकापर्यंत जा आणि परत या. एका झाडाला दोन तीन मिनिटं द्या. मग दहा पावलं पुढे जा आणि वळून तेच झाड मागच्या बाजूनं बघा, कारण एका बाजूनं पानाआड असलेला दुसऱ्या बाजूनं एकदम उघडा असतो.

फसवणारे गोळे खूप आहेत, हे आधीच सांगते म्हणजे हिरमोड होणार नाही. सगळ्यात जास्त फसवतं ते झाडावरचं वाळवीचं घरटं, काळपट तपकिरी, खोडाला चिकटलेलं, लांबून शंभर टक्के स्लॉथ. फरक असा की वाळवीच्या घरट्याची कड गुळगुळीत असते आणि स्लॉथची कड केसाळ, ऊन मागून आलं तर कडेला उजेडाची रेघ दिसते. सुकलेल्या पानांचा झुपका आणि फांद्यांवर वाढणारी अननसासारखी झुडपंही फसवतात. खात्री करायची असेल तर दुर्बिणीतून नखं शोधा, फांदीभोवती आकड्यासारखी अडकलेली लांब वाकडी नखं दिसली की झालं. दुर्बीण ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, असली तर उत्तम, फार मोठी घेऊ नका, हात हलतो आणि मान दुखते.

वाऱ्याच्या दिवशी अजून एक युक्ती. वारा आला की पानं हलतात, फांद्या हलतात, आणि एक गोळा फांदीबरोबर हलतो पण जरा उशिरानं, जड लटकल्यासारखा. आणि वारा नसताना एकच फांदी हलत असेल तर थांबा, तो चरतोय. हात लांब करतो, फांदी हळूच ओढून तोंडापाशी आणतो, चावतो, थांबतो. तीन बोटांच्या स्लॉथच्या मानेत बहुतेक वेळा नऊ मणके असतात, आपल्याला आणि जिराफालासुद्धा सातच, त्यामुळे अंग न हलवता मान जवळजवळ मागेपर्यंत फिरवून तो आजूबाजूची पानं खातो. आम्ही एकाला बघत होतो तर तो पाठमोरा होता आणि हळूहळू फक्त डोकं वळून आमच्याकडे आलं, आई माझा हात घट्ट धरून उभी होती, बराच वेळ कुणी काही बोललंच नाही.

दोन बोटांचा बघायचा असेल तर रात्रीची वाट. मॉन्टेवर्देसारख्या थंड डोंगरी भागात तीन बोटांचा सहसा दिसतच नाही, तिथे हाच, कारण याचे केस दाट आणि थंडी जास्त सोसते. तिथे संध्याकाळी गाईडबरोबर दोन तासांची नाईट वॉक असते, ती घ्या, एकट्यानं रात्री जंगलात जाऊ नका, साप असतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बंद बूट आणि पातळ रेनकोट घ्या. टॉर्च प्राण्याच्या तोंडावर धरू नका, बाजूला धरा.

जागांबद्दल थोडक्यात. मॅन्युएल अँटोनियो सगळ्यात प्रसिद्ध, पॅसिफिक बाजूला, पार्क मंगळवारी बंद असतं आणि तिकीट आधीच ऑनलाईन काढावं लागतं, आत खाऊ नेऊ देत नाहीत, गेटवर बॅगा तपासतात. स्लॉथ नक्की दिसतात पण गर्दी खूप, म्हणून पहिल्या स्लॉटचं तिकीट काढा. रस्त्यात कुणी हात करून गाडी थांबवली आणि पार्किंग इथेच असं सांगितलं तर थेट गेटपर्यंत जा. ला फोर्तुनाला छोट्या खासगी वाटा आहेत, सपाट, ज्येष्ठांना सोप्या. तोर्तुगेरोला रस्ता नाही, बोटीनंच जायचं आणि बोटीतूनच कालव्यांच्या काठची झाडं बघायची, पाण्यावरून झाडाचा पूर्ण आकार दिसतो म्हणून शोधणं सोपं जातं. नशीब असेल तर पोहतानाही दिसेल, जमिनीवर फरपटत जाणारा हा प्राणी पाण्यात तिप्पट वेगानं जातो. माझी आवडती जागा मात्र काउइता. गावातून आत शिरलं की प्रवेशाला ऐच्छिक देणगी, वाट समुद्राला लागून, सपाट, एका हाताला जंगल दुसऱ्या हाताला लाटा, आणि डोक्यावर बदाम. पॅसिफिक बाजूला डिसेंबर ते एप्रिल कोरडं असतं, कॅरिबियन बाजूचं गणित उलटं, तिथे सप्टेंबर ऑक्टोबर बरा.

गाईड घ्यायचा का? एक दिवस घ्या. लायसन्सवाला घ्या, त्याच्याकडे तिकाटण्यावर लावलेला टेलिस्कोप असतो आणि त्यातून स्लॉथच्या पापण्यासुद्धा दिसतात. पण पहिल्याच दिवशी घ्या, म्हणजे तो कुठे बघतो, कुठे थांबतो, ते तुम्ही बघाल. मग दुसऱ्या दिवशी एकट्यानं जा. स्वतः शोधलेल्या पहिल्या स्लॉथचा आनंद वेगळाच असतो.

आता जे कळकळीनं सांगायचंय ते. स्लॉथ पळत नाही आणि ओरडत नाही म्हणून तो निवांत आहे असं समजू नका. हार्पी गरुड आणि जॅग्वार यांच्यापासून वाचायचा त्याचा एकच उपाय म्हणजे न हलणं, आणि घाबरला की तो तेच करतो. तुम्ही जवळ गेलात, तो गोठल्यासारखा झाला, तोंड तर जन्मतःच हसरं, आणि फोटोत वाटतं किती गोड आनंदी आहे. आत काय चाललंय ते चेहऱ्यावर येतच नाही. त्यामुळे जिथे कुणी पैसे घेऊन स्लॉथ हातात देतं, मिठी मारू देतं, तिथून सरळ निघा, फोटोही काढू नका. कोस्टा रिकाच्या सरकारनं २०१९ मध्ये जंगली प्राण्यांबरोबर सेल्फी नको अशी मोहीमच काढली होती. जखमी स्लॉथ सांभाळणारी केंद्रं तिथे आहेत, काही खरंच चांगली आहेत, बुकिंगच्या आधी एकच प्रश्न विचारा, हात लावू देता का. हो म्हणाले तर जाऊ नका. जंगलात फ्लॅश नको, ड्रोन नको, झाड हलवायचं नाही, शिट्ट्या मारायच्या नाहीत. त्याला तसंही नीट दिसत नाही, तीन बोटांच्या स्लॉथच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशीच नाहीत आणि लख्ख उन्हात तो जवळजवळ आंधळा असतो, वासावर आणि स्पर्शावर जगतो.

एक दृश्य असं आहे की ते मिळालं तर बाकी सगळे प्लॅन बाजूला ठेवा. साधारण आठवड्यातून एकदा स्लॉथ खाली उतरतो, फक्त शी करायला. तीन बोटांचा तर झाडाच्या बुंध्याशी शेपटीनं छोटा खड्डा करतो, काम उरकतो आणि परत वर, आणि एका वेळेला त्याच्या वजनातला जास्तीत जास्त तिसरा हिस्सा कमी होऊ शकतो. एवढा धोका पत्करून तो खाली का येतो यावर अजून वाद आहेत. एक मत असं की त्याच्या केसांत राहणारे पतंग त्या विष्ठेत अंडी घालतात, नवे पतंग उडून परत वर केसांत येतात, त्यांच्यामुळे शेवाळ वाढतं आणि स्लॉथचा फायदा होतो. दुसरं मत असं की तो जोडीदारासाठी वासाचा निरोप ठेवून येतो. कारण काहीही असो, खोडावरून स्लॉथ खाली येताना दिसला तर लगेच पंधरा वीस पावलं मागे जा आणि खाली बसा. त्याच्या आणि झाडाच्या मध्ये कधीच उभे राहू नका, जमिनीवर त्याला उभं राहता येत नाही, कोपरांवर ओढत जातो, आणि त्या वेळी एक साधा कुत्रासुद्धा त्याला मारू शकतो.

कुत्रे, गाड्या आणि विजेच्या तारा, सध्या तिथल्या स्लॉथचे खरे शत्रू हेच. झाडं तोडून घरं झाली की एका झाडावरून दुसऱ्यावर जायला फांदी उरत नाही, मग तो तार धरतो आणि शॉक बसतो. काउइता ते पुएर्तो विएहो रस्त्यावर डोक्यावर दोर बांधलेले दिसतील, ते कपडे वाळवायचे नाहीत, ते स्लॉथ आणि माकडांसाठीचे पूल आहेत. त्या रस्त्यावर गाडी हळू चालवा. रस्ता ओलांडणारा स्लॉथ दिसला तर इमर्जन्सी लावून गाडी थांबवा, मागच्यांना हात करा, उचलायला जाऊ नका, नखं फार मजबूत असतात आणि दोन बोटांचा तर जोरात चावतो. जखमी असेल तर ९११ ला फोन करा किंवा जवळच्या हॉटेलात सांगा, तिथल्या लोकांना कुणाला बोलवायचं ते माहीत असतं.

आणि एक शेवटची युक्ती, जी सगळ्यात सोपी आहे पण कुणी करत नाही. स्लॉथ दिसला की ती जागा लक्षात ठेवा, पुलापासून किती पावलं, कोणतं झाड, फोनमध्ये पिन टाका, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत या. तो दिवसात जेमतेम चाळीस एक मीटर सरकतो, म्हणजे त्याच झाडावर किंवा शेजारच्याच. आम्ही निघायच्या दिवशी सकाळी सहाला असंच परत गेलो, एका बदामावर आदल्या दिवशी नुसता पाठमोरा गोळा दिसला होता, तो आता आमच्याकडे तोंड करून होता आणि पोटाच्या केसांत अजून एक छोटं तोंड होतं. ती पान चावत होती आणि पिल्लू मान वर करून तिच्या ओठांवरचे पानाचे तुकडे चाटत होतं. कोणती पानं खायची हे पिल्लू असंच शिकतं, जवळजवळ सहा महिने आईला चिकटून. आमची आई खाली वाळूत बसूनच राहिली, सॅन होसेची बस दहाची होती, साडेनऊपर्यंत उठली नाही.